४५ मिनिटांचा ग्रुप हिट क्लास (HIIT, म्हणजे थोडा वेळ जोरात व्यायाम, थोडा आराम), साडेतीन महिने केल्यावर लिहितेय

हा रिव्ह्यू मी मुद्दाम उशिरा लिहितेय. पहिल्या आठवड्यात लिहिला असता तर तो रागातच लिहिला असता कारण तिसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून आल्या होत्या की जिना उतरताना कठडा धरावा लागत होता, आणि हे आपल्याला झेपणार नाही असं खरंच वाटत होतं. आता साडेतीन महिने झाले, आठवड्यातून तीन दिवस जाते, मधे एकदा सर्दीमुळे आठवडाभर खाडा झाला तेवढाच. आता मत पक्कं झालंय.

क्लास ४५ मिनिटांचा. ८ मिनिटं वॉर्मअप, मग ८ स्टेशन्स, प्रत्येक स्टेशनवर ४० सेकंद काम आणि २० सेकंद आराम, असे ३ राउंड आणि राउंडच्या मधे एकेक मिनिट पाणी प्यायला, मग शेवटी ४ मिनिटांचा फिनिशर आणि ७ मिनिटं कूलडाऊन. स्टेशन्स दर दोन आठवड्यांनी बदलतात पण साधारण स्क्वॉट, केटलबेल (कडीचं वजन) स्विंग, माउंटन क्लायंबर (हातांवर टेकून गुडघे आळीपाळीने छातीकडे), बर्पी (खाली बसून पाय मागे-पुढे आणि मग उडी), डंबेल घेऊन रोइंग, प्लँक (अंग सरळ ताठ धरून ठेवणं), स्टेपवर चढउतार आणि दोरीच्या उड्या असं असतं. कागदावर वाचलं तर काहीच वाटत नाही, ४० सेकंद म्हणजे किती हो. पण तिसऱ्या राउंडमधले ४० सेकंद आणि पहिल्या राउंडमधले ४० सेकंद यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. तिसऱ्यात पंचविसाव्या सेकंदाला धाप लागलेली असते, घाम डोळ्यात जातो, पोटऱ्या जड झालेल्या असतात आणि डोकं एकच गोष्ट सांगत असतं, की बस झालं आता.

तिथे ट्रेनर काय करतो यावरच क्लास चांगला की वाईट हे ठरतं असं माझं मत आहे. मी याआधी दुसऱ्या एका ठिकाणी दोन महिने जात होते, तिथले सर त्या क्षणी ओरडायचे, "अजून दहा, अजून दहा", आणि जो थांबला त्याला सगळ्यांसमोर बोलायचे. त्याने मी जोरात केलं नाही, चुकीचं केलं. पाठ वाकवून केटलबेल उचलली आणि कंबर धरली ती तीन आठवडे. इथल्या ट्रेनर ताईंचं एकच वाक्य असतं, "थांबू नका, कमी करा." म्हणजे बर्पी होत नसेल तर उडी काढून टाका, तेही होत नसेल तर हात स्टेपवर ठेवून पाय मागे टाका, तेही नाही तर जागच्या जागी चाला पण घंटा होईपर्यंत हलत राहा. प्रत्येक व्यायामाचे तीन प्रकार त्या आधीच करून दाखवतात, आणि महत्त्वाचं म्हणजे सोपा प्रकार त्या स्वतः करून दाखवतात, त्यामुळे सोपा घेतला म्हणून कुणाला कमीपणा वाटत नाही. मला हे कळायला एक महिना लागला, की दम लागल्यावर आपल्यापुढे फक्त दोन रस्ते नसतात. मधला रस्ता असतो आणि तोच घेतला तर तिसरा राउंड पूर्ण होतो.

बर्पीबद्दल त्यांनीच एकदा सांगितलेलं फार आवडलं मला. रॉयल बर्पी नावाच्या अमेरिकन माणसाने १९३०च्या दशकात ही हालचाल तयार केली ती फिटनेस तपासायची चाचणी म्हणून, आणि त्याच्या मूळ प्रकारात पुशअपही नव्हता आणि शेवटची उडीही नव्हती. खाली बसा, पाय मागे, पाय पुढे, उभे राहा, बस. ते सुद्धा मोजकेच करून आधीची आणि नंतरची नाडी बघायची. म्हणजे आपण ज्याला सोपी बर्पी म्हणतो ती मुळात खरी बर्पी! हे ऐकल्यापासून मी उडी काढताना बिनधास्त काढते.

प्रत्येक राउंड संपला की त्या हाताची बोटं दाखवायला सांगतात, १ ते १० मधे किती जड गेलं. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग या शास्त्रज्ञाने अशी मोजपट्टी काढली, त्याची मूळ पट्टी ६ ते २० अशी होती, साधारण तरुण माणसाच्या ६० ते २०० ठोक्यांशी जुळावी म्हणून, १ ते १० ही त्यातली सोपी पद्धत. पहिल्या राउंडनंतर ६ हवं, दुसऱ्यानंतर ७, तिसऱ्यानंतर ८ किंवा ९. पहिल्याच राउंडला कुणी ९ दाखवलं की त्या जवळ येऊन वजन कमी करायला लावतात. मनगटावरच्या घड्याळापेक्षा मला हे जास्त खरं वाटतं कारण कमाल ठोके काढायचं २२० वजा वय हे सूत्र अगदी ढोबळ आहे, एकाच वयाच्या दोन माणसांत कमाल ठोक्यांचा १०-२० चा फरक सहज असतो. माझ्या घड्याळाच्या हिशोबाने मी रोज लाल पट्ट्यात (म्हणजे ठोके फार जास्त) जाते आणि तरी दोन शब्द बोलू शकते, शेजारची मुलगी हिरव्यात असते आणि तिला एक शब्द फुटत नाही. काय धरायचं मग?

आता जोड्यांबद्दल, कारण मला या क्लासमधलं सगळ्यात जास्त हेच आवडलंय. प्रत्येक स्टेशनवर दोघंदोघं असतात आणि जोड्या त्या स्वतः लावतात, मैत्रिणीमैत्रिणींना एकत्र येऊ देत नाहीत. सुरुवातीला मला हे आवडलं नव्हतं. नंतर लक्षात आलं की माझ्याबरोबर नेहमी माझ्यापेक्षा थोडीशीच पुढे असलेली व्यक्ती असते, खूप पुढे असलेली कधीच नाही. मी विचारलं तेव्हा त्यांनी ओटो क्योलर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं नाव सांगितलं, मग मी घरी येऊन वाचलं. त्याने १९२०च्या दशकात बर्लिनच्या रोइंग क्लबमधल्या माणसांना दमेपर्यंत वजन उचलायला लावलं होतं, आधी एकेकट्याने आणि मग एकत्र, आणि एकत्र करताना त्यातला कमजोर माणूस एकट्यापेक्षा जास्त वेळ टिकला. पण दोघांत फरक मध्यम असेल तरच हे छान चालतं, दोघं सारखेच असतील किंवा फारच तफावत असेल तर तेवढा फायदा होत नाही. हे मी अंगावर अनुभवलंय. एकदा एका मॅरेथॉन पळणाऱ्या मुलाबरोबर माझी जोडी लागली होती (त्या दिवशी माणसं कमी होती) आणि मी पाचव्या स्टेशनलाच मनातून सोडून दिलं, की याच्याबरोबर काय करणार मी. आणि ज्या काकू माझ्याबरोबर असतात, साठीच्या आहेत, त्यांचा स्क्वॉट माझ्यापेक्षा खोल जातो आणि त्या कधी घाई करत नाहीत, त्यांच्या लयीत मी करत राहते आणि घंटा कधी होते कळत नाही. एकदा प्लँकमधे माझे हात थरथरायला लागले होते, त्या शेजारून फक्त म्हणाल्या, "श्वास सोड गं, धरून ठेवू नकोस," आणि खरंच मी श्वास धरून ठेवला होता. सोडला आणि उरलेले बारा सेकंद गेले. त्या दिवशी घरी जाताना रस्ताभर मला आनंद झाला होता, खूप दिवसांनी असा झाला.

फिनिशर ताबाता पद्धतीचा, २० सेकंद काम १० सेकंद आराम असे ८ वेळा, म्हणजे बरोबर ४ मिनिटं. इथे ताई प्रामाणिक आहेत हे सांगायला हवं. बरेच ठिकाणी २०-१० चं घड्याळ लावलं की झालं ताबाता असं असतं, पण जपानच्या इझुमी ताबातांचा १९९६चा जो अभ्यास आहे तो सायकलवर केलेला होता आणि त्यात जोर इतका प्रचंड होता की सात-आठ फेऱ्यांत माणूस पूर्ण थकायचा. सहा आठवड्यांत त्या लोकांची अॅनएरोबिक क्षमता (ऑक्सिजन पुरत नसताना थोडा वेळ जोर लावायची ताकद) २८ टक्क्यांनी वाढली होती, पण ती आधीपासून तंदुरुस्त असलेली तरुण मुलं होती. ताई स्पष्ट सांगतात की आपण घड्याळ तेच घेतोय, तो जोर नाही, आणि एवढ्या कामानंतर तो घेऊही नये. असं स्वतःहून सांगणारी माणसं कमी असतात.

तक्रारी आहेत. एक म्हणजे आवाज. गाणी इतक्या मोठ्याने लावतात की मागच्या रांगेत फॉर्मबद्दलच्या (हालचाल बरोबर कशी करायची याच्या) सूचना ऐकूच येत नाहीत, आणि जिथे सूचनाच मुख्य आहे तिथे हे चालणार नाही. दोनदा सांगितलं, दोन दिवस कमी होतो आणि परत वाढतो. दुसरं, मधल्या वजनाच्या केटलबेल कमी आहेत, उशीर झाला तर एकतर अगदी हलकी मिळते नाहीतर झेपणार नाही अशी.

आणि तिसरी तक्रार गंभीर आहे. शनिवारी ताई नसतात, त्यांच्या जागी दुसरे ट्रेनर येतात आणि त्यांना नवीन माणूस कोण हे माहीत नसतं, विचारतही नाहीत. एका शनिवारी त्यांनी सगळ्यांना चॅलेंज म्हणून १०० जंप स्क्वॉट लावले, त्यात पहिल्यांदाच आलेली एक मुलगी होती आणि तिने लाजेखातर सगळे पूर्ण केले. पुढे ती आलीच नाही. सवय नसताना एकदम एवढं केलं तर स्नायू इतके फुटू शकतात की त्याचा भार किडनीवर येतो, लघवी गडद तपकिरी झाली, अंग सुजलं आणि दुखणं सहन होईना तर लगेच डॉक्टरकडे जायचं असतं, हे नवीन माणसाला कुणीतरी सांगायला हवं ना! मी मॅनेजमेंटला लेखी कळवलंय, अजून उत्तर नाही, म्हणून एक स्टार कापतेय.

नेहमीचं दुखणं वेगळं, त्याला घाबरू नका. ते दुसऱ्या दिवशी सुरू होतं, एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतं आणि मग जातं. लॅक्टिक अॅसिड साठलं म्हणून दुखतं असं सगळे म्हणतात पण ते व्यायामानंतर तासा-दोन तासातच निघून गेलेलं असतं, दुखतं ते स्नायूंना झालेल्या बारीक इजांमुळे, विशेषतः खाली जाताना वजन सावरतो त्या हालचालींमुळे. दुसऱ्या आठवड्यात त्याच व्यायामाने निम्मंही दुखत नाही.

आणि कूलडाऊन सोडून निघू नका. अर्धी बॅच फिनिशर झाला की बॅग उचलून पळते. जोरात काम करून एकदम थांबलं की रक्त पायांत साठतं आणि डोळ्यांसमोर अंधारी येते, एका काकांना दारातच बसवावं लागलं होतं. सात मिनिटांचाच तर प्रश्न आहे.

छातीत दुखणं, बीपी, गुडघ्याचं ऑपरेशन असं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारून या आणि ताईंना पहिल्या दिवशीच सांगा, त्या वहीत लिहून ठेवतात आणि विसरत नाहीत. अगदीच नवीन असाल तर पहिले दोन आठवडे दोनच राउंड करा, तिसऱ्या राउंडला चाललात तरी चालतं, मी तसंच केलं होतं. आठवड्याच्या मधल्या संध्याकाळच्या बॅचला या, पुढच्या रांगेत उभे राहा म्हणजे ऐकू येईल, आणि केटलबेल हवी असेल तर दहा मिनिटं आधी पोचा. शनिवार सध्या टाळा, उत्तर आलं आणि काही बदललं तर मी इथेच खाली लिहीन.

पाचपैकी चार.