चष्म्यावरचा १२ मिलिमीटरचा ठिपका: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वस्तू अगदी साधी. नेमबाजीच्या चष्म्याच्या एका काचेवर चिकटवायचा, अर्धपारदर्शक चिकटपट्टीचा गोल ठिपका. उजव्या खांद्यावरून शॉटगन चालवणाऱ्याचा डावा डोळा प्रबळ असेल, म्हणजे नेम धरताना मेंदू त्याच डोळ्याचं चित्र मानत असेल, तर त्याच्यासाठी हा उपाय आहे. आठ महिने क्ले टार्गेटवर, म्हणजे हवेत फेकलेल्या ठिसूळ चकत्यांवर, नियमित वापरल्यानंतरचं मत एका ओळीत सांगायचं तर ठिपका काम करतो, पण आधी दुखणं नेमकं डोळ्याचंच आहे याची खात्री हवी. बऱ्याच तक्रारी बंदुकीच्या दस्त्याच्या असतात आणि बोल मात्र डोळ्याला लागतो.

दुखणं काय ते आधी. रायफलला मागचा साइट, म्हणजे नेम धरायची डोळ्याजवळची खाच, असतो, शॉटगनला सहसा नसतो. गाल दस्त्यावर टेकला की डोळा हाच मागचा साइट. नळीच्या टोकावरचा मणी जर चुकीच्या डोळ्याने निशाणावर आणला, तर नळी भलतीकडे वळते. दोन बाहुल्यांमधलं अंतर साधारण ६.३ सेंटीमीटर आणि डोळ्यापासून मणी सुमारे ९० सेंटीमीटर. या हिशेबाने ३० मीटरवर छर्रे जवळजवळ २ मीटर डावीकडे जातात. छर्ऱ्यांचा उपयोगी फैलाव ७५ सेंटीमीटरच्या आसपास धरतात, म्हणजे नशिबाने लागण्याचाही प्रश्न नाही.

गंमत अशी की ही २ मीटरची चूक कधीकधी फायद्याची ठरते. आडव्या उडणाऱ्या क्लेला ३० मीटरवर लीडही, म्हणजे तिच्या पुढे नेम धरायचं अंतर, साधारण तेवढंच लागतं. त्यामुळे डावीकडे जाणारी क्ले सरळ तिच्यावरच रोखली तरी फुटते, आणि उजवीकडे जाणारीला नेहमीचं लीड दिलं तरी छर्रे मागेच राहतात. उजव्या खांद्याच्या नवशिक्याची उजवीकडची क्ले सतत हुकत असेल तर आधी डोळा तपासावा, मग स्विंगचं, म्हणजे नळी फिरवण्याचं, व्याख्यान द्यावं.

तपासणी अशी. दोन्ही हात पूर्ण ताणून तळव्यांमध्ये छोटी त्रिकोणी फट करायची, दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून ५-६ मीटरवरची एखादी खूण पाहायची. मग एकेक डोळा मिटायचा. जो उघडा असताना खूण जागेवर राहते तो प्रबळ. हे एकदा करून थांबू नये. पाच-सहा वेळा, वेगवेगळ्या उजेडात आणि एकदा डोळे थकलेले असताना करावं. निकाल दर वेळी बदलत असेल तर कोणत्याच डोळ्याची हुकमत पक्की नाही. अशा माणसाला ८-१० मिलिमीटरचा ठिपकाही पुरतो. चष्म्याचा नंबर बरेच दिवस तपासला नसेल तर आधी तो तपासून घ्यावा. धूसर डोळा आपोआप मागे पडतो.

आता दस्त्याचं. दस्त्याची वरची कड, जिथे गाल टेकतो, ती खूप खाली असेल तर उजवा डोळा नळीच्या रेषेखाली बुडतो. समोर बंदुकीची पाठ दिसते, मणी नाही. मग बिचारा मेंदू डाव्या डोळ्याचं चित्र उचलतो. हा माणूस उजव्या डोळ्याचाच असतो, तरी डावीकडे मारतो. त्याला ठिपका नको, गालाखाली पातळ पॅड हवा. पॅड २-३ मिलिमीटरच्या थरांनी वाढवत जावा. नळीवर दोन मणी असतील तर मधला आणि टोकाचा एकावर एक टेकून, इंग्रजी आठासारखे दिसायला हवेत. नळीच्या पाठीवरची लांब पट्टी अजिबात दिसत नसेल तर गाल खाली गेलाय, फार उताणी दिसत असेल तर वर राहिलाय.

डोळा की दस्ता, याचा निवाडा कागदावर होतो. रेंजवर, मागे पक्का बांध असताना, १५ मीटरवर ३ मीटर रुंदीचा कागद लावायचा. मध्ये ठळक खूण. बंदूक झटकन खांद्याला लावून, मण्याकडे न बघता पाच गोळीबार. छर्ऱ्यांचा घोळका सुमारे १ मीटर डावीकडे पडला तर दोष डोळ्याचा. १०-१५ सेंटीमीटरच सरकला असेल तर दस्त्याच्या मापाचा. डोळ्याचा दोष निघाला तर ठिपका लावून तेच पुन्हा करायचं. इतका स्वच्छ फरक दुसऱ्या कोणत्याही चाचणीत दिसत नाही.

ठिपका लावताना सगळे एकच चूक करतात: मान ताठ ठेवून काचेच्या मधोमध चिकटवतात. बंदूक लावल्यावर डोकं पुढे झुकतं आणि नजर काचेच्या वरच्या, नाकाकडच्या भागातून जाते. मधला ठिपका मग खालीच राहतो. योग्य पद्धत दोन माणसांची. काडतुसं दुसऱ्या खोलीत, बंदूक बिजागरीतून उघडून दोघांनीही नळ्या रिकाम्या असल्याचं पाहायचं. मग पलीकडे कुणी नाही अशा भिंतीवरच्या खुणेवर बंदूक लावायची, गाल घट्ट. आता उजवा डोळा मिटायचा. डाव्याला मणी दिसेल. मदतनिसाने बाजूला उभं राहून, कधीही नळीसमोर नाही, ठिपका डाव्या काचेवर सरकवत न्यायचा. मणी धूसर झाला की तिथेच दाबायचा. दोन्ही डोळे उघडून तीन-चार वेळा बंदूक खाली-वर करून बघायचं.

मापाबद्दल. १२ मिलिमीटर छोटं वाटतं, पण बाहुलीपासून १७ मिलिमीटरवर तोच ठिपका जवळपास ४० अंश झाकतो. २० मिलिमीटरचा लावला तर डोळा मिटल्यासारखंच. काळी पट्टी तर नकोच. उजेड आत यायला हवा आणि कडेची नजर मोकळी राहायला हवी, कारण क्ले प्रथम तिथेच टिपली जाते.

मण्यावर नजर खिळवायची सवय असेल तर ठिपका ती मोडत नाही. नजर क्लेच्या पुढच्या कडेवर, मणी फक्त कोपऱ्यात जाणवेल एवढाच, आणि चाप ओढल्यावरही नळी फिरती. नळी थांबली की छर्रे मागे.

पर्याय दोन-तीन आहेत. नळकांडीत बसवलेला फायबर ऑप्टिक मणी फक्त सरळ मागूनच चमकतो, त्यामुळे डाव्या डोळ्याला दिसत नाही. कल्पना हुशार, पण तो इतका चमकतो की नवशिक्याची नजर त्याच्यावरच अडकते, आणि गाल जरा हलला की उजव्यालाही दिसेनासा होतो. डोळा मिटणं फुकट आहे. मात्र चेहरा आखडतो आणि डाव्या कडेची नजर जाते. चाप ओढण्याच्या क्षणीच पापणी अर्धी खाली आणणं त्यापेक्षा बरं, पण जमायला वेळ लागतो. अगदी कोरा नवशिका असेल आणि डाव्या डोळ्याची हुकमत पक्की असेल, तर स्पष्ट सल्ला: खांदाच बदला. पहिल्या महिन्यात ते जड जातं, दहा वर्षांच्या सवयीनंतर जवळजवळ अशक्य होतं.

कटकटी? घामाने कड सुटते. दोन-तीन आठवड्यांनी ठिपका बदलावाच लागतो. राहिलेला चिकटा साबणाच्या कोमट पाण्याने काढावा, थिनर किंवा ॲसिटोन लावलं तर पॉलिकार्बोनेटची काच कायमची खराब. चष्मा नाकावरून घसरला की ठिपकाही घसरतो, म्हणून मागची दोरी आवश्यक. जिथे कायद्याने शिकारीला मुभा आहे तिथे मैदानात चालताना हा चष्मा काढून साधा संरक्षक चष्मा घालावा. डावीकडचा सोबती धूसर दिसणं परवडणारं नाही.

आठ महिन्यांत डोळ्याची हुकमत बदललेली नाही. ठिपका काढला की कागदावरचा घोळका पुन्हा डावीकडे. आणि थंडीत जाड जॅकेट चढवलं की गालाची जागा बदलते; भिंतीसमोरची सगळी मापं तेव्हा नव्याने घ्यावी लागतात.