डायव्हर्सिटी-इन्क्लुजनची इंटर्नशिप: एनजीओ की कंपनी?

परवा कॉलेजच्या एका ज्युनिअरचा फोन आला, ताई दोन्हीकडे सिलेक्शन झालंय आणि उद्यापर्यंत कळवायचंय. एक परळची एनजीओ, अपंग मुलामुलींना नोकरीला लावते, तिथे दोन महिने 'वर्कप्लेस इन्क्लुजन इंटर्न'. दुसरी ऐरोलीची आयटी कंपनी, एचआरमधली डायव्हर्सिटी टीम, म्हणजे बायका, अपंग, एलजीबीटी अशा सगळ्यांना कामावर जागा मिळतेय ना हे बघणारी. मी दोन्ही प्रकार केलेत, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) करताना एनजीओ आणि नंतर कंपनी (या दोन नव्हेत, वेगळ्या, नावं घेत नाही). तिच्याशी तासभर जे बोलले तेच जरा सावरून लिहितेय.

आधी पैशाचं, कारण घोडं तिथेच अडतं. मला एनजीओत महिन्याला ३ हजार मिळायचे, त्याला ते 'प्रवासखर्च' म्हणायचे, आणि कंपनीत १५ हजार प्लस दुपारचं जेवण. घरून पैसे येत नसतील, रूमचं भाडं डोक्यावर असेल तर सरळ कंपनी घ्या, त्यात लाजण्यासारखं काहीही नाही आणि पुढचं वाचलं नाही तरी चालेल. गंमत बघा ना, इंटर्नशिप इन्क्लुजनची आणि ती परवडणार कोणाला तर ज्याचं मुंबईत घर आहे त्याला. हे मी आमच्या संस्थेत मीटिंगमधे बोलून दाखवलं होतं, सगळे हसले, मॅडम म्हणाल्या पॉइंट आहे, आणि विषय तिथेच संपला.

आता काम. एनजीओत पहिल्या आठवड्यात माझ्या हातात मेजरिंग टेप दिली. मला वाटलेलं पॉलिसी वगैरे लिहायला मिळेल, तर एका कंपनीच्या ऑफिसात जाऊन दाराची रुंदी, टॉयलेटच्या कडीची उंची, रॅम्पचा उतार मोजायचा होता. रॅम्पचं गणित तेव्हा कळलं, उंची १ असेल तर लांबी किमान १२ लागते, म्हणजे अर्धा फूट पायरी असेल तर ६ फुटांचा रॅम्प. त्या ऑफिसात दीड फूट उंचीला जेमतेम चार फुटांचा रॅम्प होता, त्यावरून व्हीलचेअर वर नेणं सोडा, खाली येताना माणूस थेट गेटबाहेर जाईल. सिक्युरिटीवाले काका म्हणाले मॅडम हा पाण्याचे जार चढवायलाच आहे. पण कंपनीच्या कागदावर 'रॅम्प उपलब्ध' असं लिहिलेलं होतं आणि ते खोटंही नव्हतं!

मग उमेदवार. एक मुलगा पूर्ण अंध, बीकॉम, स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) माझ्यापेक्षा फास्ट एक्सेल चालवायचा, त्याला ऑनलाइन टेस्ट देता येईना कारण लॉगिनलाच चित्रातली अक्षरं ओळखायचा कॅप्चा होता. एक कर्णबधिर मुलगी, इंटरव्ह्यूला दुभाषी लागणार हे आम्ही आधी मेल करून कळवलेलं, तरी एचआरने तिला आदल्या रात्री फोन केला कन्फर्म करायला. फोन! आणि एकीची आई, बदलापूरहून, तिचा एकच प्रश्न होता की लोकलच्या अपंगांच्या डब्यात ऑफिसच्या गर्दीत धडधाकट माणसं बसलेली असतात त्यांना उठवणार कोण. यातलं कंपनीच्या कुठल्याच आकडेवारीत दिसत नाही. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ चे २१ प्रकार झाले, सरकारी नोकरीतलं आरक्षण ३ चं ४ टक्के झालं, हे परीक्षेत आपण घडाघडा लिहितो, पण खाजगी कंपनीला तसं आरक्षण बंधनकारक नाही, त्यामुळे तिथे सगळा खेळ समजावण्याचा आणि मागे लागण्याचा असतो आणि ते काम संस्थेची माणसं वर्षानुवर्षं करत असतात.

कंपनीत याच्या बरोबर उलट. पहिले तीन आठवडे मी फक्त एक्सेल बघितलं. शेअर बाजारातल्या टॉप १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख करणारी संस्था) नियमाने एक जबाबदारी-अहवाल द्यावा लागतो, बीआरएसआर म्हणतात, त्यात बायका किती, अपंग कर्मचारी किती, ऑफिस त्यांना वापरता येतं का असं सगळं भरायचं असतं, तर तो डेटा वेगवेगळ्या ब्रँचकडून गोळा करणं हे इंटर्नचं काम. बोअर आहे पण कामाचं आहे, खोटं बोलणार नाही. बाकी मग ८ मार्चचं सेलिब्रेशन, जूनमधे एलजीबीटी प्राइडचे पोस्टर, कपकेक्स. कपकेक्सची ऑर्डर मी दिली होती, दोनशे, एगलेस.

पण तिथे एक गोष्ट झाली ती सांगते. नोकरीच्या ऑनलाइन अर्जात 'मुलाखतीसाठी तुम्हाला काही सोय लागेल का' असा एक प्रश्न टाकावा असं मी सुचवलं. मला तो कॅप्चावाला मुलगा आठवत होता म्हणून. एका ओळीला सहा आठवडे लागले, लीगलने बघितलं, आयटीने बघितलं, मग रिक्रूटमेंटवाल्यांना भीती की सगळेच हो म्हणतील तर काय करायचं. शेवटी माझ्या जायच्या चार दिवस आधी ती ओळ फॉर्मवर आली. एनजीओत असताना हीच मागणी आम्ही बाहेरून मेलवर मेल करून करायचो आणि उत्तर यायचं नाही, तेव्हा वाटायचं यांना पडलेलीच नाही. आत गेल्यावर कळलं की मेल ज्या पोरीकडे येतो तिच्या हातात काहीच नसतं. आणि हेही खरं की आधी एनजीओच्या बाजूला दोन महिने घासले नसते तर ती ओळ मला सुचलीच नसती, माझ्यासोबतच्या एमबीएच्या इंटर्नने 'इन्क्लुजन वीक'साठी क्विझ सुचवली होती. चांगला मुलगा होता, त्याने असं कोणी अडकलेलं बघितलंच नव्हतं.

म्हणून माझं मत विचाराल तर पैशाची अडचण नसेल तर आधी एनजीओ, मग कंपनी. उलटं केलं तर मधे खूप वेळ वाया जातो.

पण एनजीओ म्हटलं की डोळे झाकून हो म्हणू नका. मोठ्या संस्थांत हल्ली स्वतःच्याच स्टाफसाठी डायव्हर्सिटीचं काम असतं, म्हणजे तिथेही तुम्ही एचआरमधेच बसणार, फक्त एसी कमी. ते वेगळं आणि दुसऱ्या कंपन्यांना बदलायला जाणारी संस्था वेगळी. जाहिरातीत दोन्हीला एकच नाव असतं त्यामुळे स्पष्ट विचारा की आठवड्यातले किती दिवस मी फील्डवर असेन आणि कोणासोबत. आणि मार्चच्या आसपास जॉइन होणार असाल तर सांभाळून, सीएसआरचा पैसा (कंपन्या सामाजिक कामाला देतात तो) आर्थिक वर्षावर चालतो, एप्रिलमधे प्रोजेक्ट पुढे आहे की नाही हे सरांनाही माहीत नसतं, मग तुम्हाला जुन्या रिपोर्टला फोटो चिकटवायला बसवतात. फोटोतल्या मुलांना विचारलंय का, हे मात्र तेव्हाही विचारायचं.

जातीचं कंपनीत मी कुठेच ऐकलं नाही, म्हणजे जेंडर आहे, अपंगत्व आहे, एलजीबीटी आहे, अगदी 'जनरेशन्स' पण आहे, पण जात हा शब्द प्रेझेंटेशनमधे टाकला तर मॅनेजरने 'सोशो-इकॉनॉमिक बॅकग्राउंड' करून घेतला. वर चहाच्या मशीनपाशी आडनाव विचारून गाव विचारणं चालूच. एनजीओत निदान बोलतात, भांडतात सुद्धा, पण तिथेही वरच्या खुर्च्यांवर कोण आणि फील्डवर कोण हे एकदा बघून घ्या, वेबसाइटवरच्या टीमच्या पानावर पाच मिनिटांत कळतं.

कॉलेजचे क्रेडिट हवे असणाऱ्यांसाठी: नवीन शैक्षणिक धोरणात ओजेटीचे (ऑन-जॉब ट्रेनिंग) ४ क्रेडिट आहेत, म्हणजे १२० तास, आणि कंपनीत हजेरीचा रेकॉर्ड आपोआप निघतो. एनजीओत लॉगबुकवर सही करणाऱ्या मॅडम कायम फील्डवर, मी शेवटची सही दादर स्टेशनच्या ब्रिजवर घेतली. दर शुक्रवारी घ्या. कंपनीत उलटा त्रास, एनडीए (गुप्ततेचा करार) सही केल्यामुळे केलेलं काम पुढच्या इंटरव्ह्यूत दाखवता येत नाही, नुसतं तोंडी सांगायचं.

आणि लैंगिक छळाच्या तक्रारीचा २०१३ चा कायदा इंटर्नलाही लागू आहे, पगार मिळो न मिळो, अगदी व्हॉलंटिअर असलात तरी. १० किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, संस्था असली तरी. कंपनीत पहिल्याच दिवशी त्याचं ट्रेनिंग झालं, दारावर समितीची नावं होती. आमच्या संस्थेत मी विचारलं तर म्हणाले अगं आपण सगळे घरचेच आहोत. हे उत्तर आलं तर मला तरी धोक्याची घंटा वाटते, कारण तीच संस्था बाहेर कंपन्यांना समितीवर बाहेरची सदस्य पुरवत होती.

ज्युनिअरला मी म्हटलं दोन्हीकडे एक फोन कर आणि एवढंच विचार की माझ्यासोबत व्हीलचेअर वापरणारी मैत्रीण आली तर आत येता येईल का. तिने केला. कंपनीने सांगितलं मेल टाका, फॅसिलिटीजना विचारून कळवतो. एनजीओतल्या बाई म्हणाल्या लिफ्ट बंद आहे गं, पण आम्ही खाली येतो, कधी येणार ते सांग.

ती सोमवारपासून परळला जातेय. वडील अजून नाराज आहेत, कंपनीचे पैसे सोडले म्हणून.