धरमपेठेतला रिनोव्हेटेड फ्लॅट: सगळं दिलं, कूलरची जागा तेवढी नाही दिली

सोसायटीची दुसरी नोटीस हातात पडली तेव्हाच ठरवलं, आता या फ्लॅटचं सगळं लिहून टाकतो. नोटिशीचा विषय: इमारतीच्या दर्शनी भागास बाधा. ही बाधा म्हणजे आमचा गावाकडून, वरुडहून आणलेला लोखंडी कूलर.

फ्लॅट कसा ते जाहिरातीत असतंच. नागपूरच्या धरमपेठेतली शांत गल्ली, मोठी झाडं, जुनी तीन मजली सहकारी सोसायटी, लिफ्ट नाही, आमचा तिसरा मजला, दोन बेडरूम, 'फुल्ली रिनोव्हेटेड'. पोराची अकरावी-बारावी नागपुरात करायची होती. रस्त्याकडचं थोडं वावर विकलं, वर संत्र्याच्या आंबिया बहाराचे पैसे घातले आणि घेतला. मी संत्र्याच्या बगिच्यापायी गावातच, घरचे सगळे फ्लॅटवर. सौ.च्या नावानं घेतला म्हणून मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचला. या व्यवहारात वाचलेला तो शेवटचा पैसा.

हिवाळ्यात नाव ठेवायला जागा नव्हती. किचन चकाचक, नळाला धार चांगली, गावाकडून येणारा माणूस टाईल्स पाहून दारातच चप्पल काढून उभा राहायचा. मार्च सरता सरता मायनं विचारलं, "कूलर कुठी लावशीन रे बाबू?"

सगळं घर फिरलो. जागाच नाही राजेहो. या इमारतीत आधी लाकडी पल्ल्यांच्या खिडक्या होत्या. समोरच्या काकूंकडे अजून आहेत, एका पल्ल्याच्या जागी कूलरचं तोंड बसवलेलं आहे. आमच्या विकणाऱ्यानं ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या केल्या, आतून मच्छरजाळी, बाहेरून वेल्डिंग केलेली ग्रील. सरकती खिडकी उघडून उघडून अर्धीच उघडते. बाल्कनी होती, तीही हॉलमध्ये घेतली. विदर्भात घर सजवायला घेता आणि कूलर विसरता, म्हणजे हा माणूस मे महिन्यात नागपुरात कधी राहिला तरी होता काय?

एसी आहे ना, असं सगळे म्हणतात. आहे. फ्लॅटसोबतच आला. दीड टनाचा एसी दीड हजार वॉटच्या आसपास खातो, कूलरचा पंखा आणि पंप मिळून दोन-अडीचशेत भागते. शेवटच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि अर्ध्या रात्रीपर्यंत ती आग खाली सोडतो, म्हणजे एसीला विसावा नाही. पाचशे युनिट ओलांडले की विजेचा दर सगळ्यात वरच्या टप्प्यात जातो. मे महिन्याचं बिल मी अजून मायला दाखवलेलं नाही.

आणि ऐन नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, एसी बंद पडला. कंपनीचा माणूस रोज "उद्या येतो" म्हणे. आला तेव्हा मागचं झाकण काढलं, पीसीबी (आतला सर्किट बोर्ड) गेला म्हणाला आणि पार्टाचा भाव सांगितला. त्या पैशात वरुडले नवा कूलर येते, वर चार उन्हाळ्यांचं खस येते. त्याला चहा पाजला आणि पाठवून दिलं.

मग क्रेटच्या रिकाम्या गाडीत घरचा कूलर आणला. ग्रील कापली, काच काढून त्या जागी प्लाय लावला, बाहेर अँगलचा स्टँड ठोकला. कूलर सुरू केला तर गारवा सोडा, घरभर चिपचिप. कूलर जेवढी हवा आत ढकलतो तेवढी हवा निघायला वाट पाहिजे, हे आपल्याकडे लहान पोराला माहीत असते. जुन्या दारांवर त्यासाठीच झरोके होते. ते या फ्लॅटमध्ये सिलिंगच्या दिखाव्यापायी बुजवून टाकले! हॉलच्या दारावरचा एक झरोका फोडून मोकळा केला, आणि तासाभरात माय चादर मागायला लागली. एसी तसाच बंद आहे. "पार्ट मागवू काय" म्हणून त्यांचा फोन अजून येतो.

पहिली नोटीस तेव्हाच आली. सेक्रेटरी काका निवृत्त इंजिनीअर, बोलणं मोजून-मापून. त्या वेळी लिहिलं असतं तर त्यांच्याबद्दल फार वाईट लिहिलं असतं. जुलैनं मत बदलवलं.

पहिल्याच झडीत हॉलच्या पीओपीवर पिवळा डाग आला आणि पसरत गेला. रिनोव्हेशनवाल्या ठेकेदाराला फोन केला तर म्हणे हवेतला ओलावा आहे, सुकून जाईल. काकांनी जुनी तक्रारवही काढली. त्याच कोपऱ्यातल्या गळतीची तक्रार आधीच्या मालकाच्या सहीनिशी तिच्यात होती. म्हणजे छत दुरुस्त व्हायच्या आधीच त्यानं खालून पीओपी मारला आणि फ्लॅट विकायला काढला. मला वाटलं आता खर्चावरून महिनाभर वाद चालणार. पण सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत (नियमावलीत) सरळ लिहिलेलं आहे: गच्चीतून गळणारं पाणी सोसायटीच्या खर्चात, घरातल्या संडास-बाथरूमचं सदस्याच्या. काकांनी दुरुस्ती निधीतून माणसं लावली, तेवढ्या भागाचा कोबा उखडून नवा टाकला. "पीओपी तुमचा, तो तुम्ही बघा," एवढंच म्हणाले. मी बघितला. उतरवला तो पुन्हा लावला नाही. छत फूटभर उंच झालं आणि पंखाही बरा लागतो.

तशी त्यांची शिस्त आधीच दिसायला हवी होती. दलालानं सोसायटीच्या हस्तांतरणासाठी लाखभर वेगळे ठेवा म्हणून सांगितलं होतं. काकांनी हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर फी) २५,००० घेतलं, तीच कमाल मर्यादा आहे, आणि पावती दिली. इमारत तिशीच्या पुढची, म्हणजे दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावी लागते. तो अहवालही त्यांनी न मागता वाचायला दिला. नागपुरात पुष्कळ फ्लॅट १९७० च्या अपार्टमेंट कायद्यातले, तिथे घोषणापत्र (डीड ऑफ डिक्लेरेशन) असते, सोसायटी नसते. घ्यायच्या आधी आपला कोणता हे पाहून घ्या, आणि जमीन नागपूर सुधार प्रन्यासच्या (एनआयटीच्या) लीजवर असेल तर लीजचं नूतनीकरण झालं काय तेही. आम्हाला कागदाचा त्रास झाला नाही.

तळमजल्याचाही एक फ्लॅट विकायला होता, बराच स्वस्त. मायच्या गुडघ्यापायी तोच घेणार होतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत घरांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा आमच्या पार्किंगमध्येही गाड्या पाण्यात होत्या. हे दलालानं नाही, काकूंनी सांगितलं. माय आता जिना चढता चढता शिव्या देते, पण चढते.

बाथरूमचं बाकी आहे. जुन्या फरशीवरच नव्या टाईल्स चिकटवल्या, त्यामुळे उंबरठा फरशीच्या बरोबरीत आला आणि आंघोळीचं पाणी पॅसेजमध्ये येते. मिस्त्री सगळं तोडायचं म्हणतो. मी ग्रॅनाईटची एक पट्टी बसवून भागवणार आहे.

आता वार्षिक सभा, ३० सप्टेंबरच्या आत. मी अर्ज दिला आहे: कूलर मागच्या बाजूला, सगळ्यांचे स्टँड एका मापाचे, एका रंगाचे, खर्च ज्याचा त्याचा. काकूंनी लगेच सही केली. तळमजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, "ठरावात पाणी टपकायचं पण टाका, माझी गाडी तिथंच असते." टाकलं. काका अर्ज वाचून म्हणाले, "मागची बाजू म्हणजे नेमकी कोणती, ते नकाशावर दाखवा." आता नकाशा काढून राहिलो.

पाचपैकी तीन तारे. ठराव पास झाला तर साडेतीन.