देणगी, खरेदी की वेळ: आधुनिक गुलामगिरीविरुद्ध आपली ताकद कुठे लावावी?

2021 सालच्या जागतिक अंदाजानुसार सुमारे 5 कोटी लोक आधुनिक गुलामगिरीत होते; त्यांतले 2 कोटी 76 लाख सक्तीच्या मजुरीत, बाकीचे सक्तीच्या विवाहात. सामान्य माणसाच्या हातात चार गोष्टी आहेत: पैसे देणे, खरेदी बदलणे, वेळ देणे आणि संशय आल्यास कळवणे. पैसा आणि वेळ दोन्ही बेताचे असतील तर आमचा कौल दरमहाच्या छोट्या देणगीला. मात्र ती कोणत्या कामाला जाते, यावर बरेच अवलंबून आहे.

छापे घालून माणसे सोडवणाऱ्या संस्थांकडे देणग्या पटकन वळतात, कारण तिथे आकडा दिसतो. पण डोक्यावरचे कर्ज तसेच, ओळखपत्र मालकाकडे आणि हाताला काम नाही, अशा अवस्थेत सुटलेला माणूस पुन्हा एखाद्या ठेकेदाराच्या तावडीत सापडतो. वकील, निवारा, समुपदेशन, बुडालेल्या मजुरीची वसुली ही कामे वर्षानुवर्षे चालतात. खटला चालू असताना साक्षीदाराची चूलही पेटती राहावी लागते, नाहीतर तो फुटतो. एकरकमी देणगीवर संस्था वकील पगारावर ठेवू शकत नाही, दरमहाच्या खात्रीवर ठेवू शकते. त्यामुळे पुनर्वसन आणि कायदेशीर मदत करणारी संस्था निवडा आणि रक्कम एखाद्या व्यक्तीच्या नावाने न बांधता सर्वसाधारण निधीत द्या.

आधी तीन गोष्टी विचारा. सुटकेनंतर वर्षभराने किती जण संपर्कात असतात? किती खटल्यांचा निकाल लागला? लेखापरीक्षित हिशेब कुठे पाहता येईल? उत्तराऐवजी पीडितांच्या चेहऱ्यांचे फोटो आले तर दुसरी संस्था शोधा. ‘इतक्या पैशांत एक गुलाम मुक्त’ हे आवाहन तर टाळाच. 1990च्या दशकात सुदानमध्ये पैसे मोजून गुलाम सोडवण्याच्या मोहिमा झाल्या, तेव्हा युनिसेफनेही त्यांवर टीका केली. गिऱ्हाईक मिळाले की माणसे पळवण्याचा धंदा फोफावतो.

खरेदीचा मार्ग सोपा वाटतो, पण त्याची धाव कमी. गुडवीव्ह (बालमजुरी आणि सक्तीच्या मजुरीविना विणलेल्या गालिच्यांना प्रमाणपत्र देणारी संस्था) हिचे लेबल असलेल्या गालिच्यावर स्वतंत्र क्रमांक असतो, त्यावरून तो कुठून आला याचा माग काढता येतो. फेअरट्रेड (शेतकरी-मजुरांना रास्त मोबदला मिळावा यासाठीचे प्रमाणपत्र) असलेल्या कोको, चहा किंवा साखरेत मात्र प्रमाणित माल इतर मालात मिसळू शकतो; हिशेब जुळतो, पण तुमच्या हातातला दाणा तोच असेल असे नाही. तरीही लेबल बिनलेबलपेक्षा बरे. एकट्याने केलेला बहिष्कार बहुधा कोणाच्या लक्षातही येत नाही. उझबेकिस्तानच्या कापसावरचा बहिष्कार यशस्वी झाला, कारण शेकडो ब्रँड त्यात उतरले होते आणि मागणी एकच होती: सरकारने लोकांना सक्तीने कापूस वेचायला लावणे थांबवावे. तो 2022 मध्ये उठवला गेला.

त्याऐवजी कंपनीला पत्र लिहून विचारा: भरतीचे शुल्क मजूर भरतो की मालक? पासपोर्ट कोणाच्या ताब्यात असतो? ब्रिटनच्या 2015च्या आधुनिक गुलामगिरी कायद्यानुसार तिथे व्यवसाय करणाऱ्या आणि 3 कोटी 60 लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना, आपल्या कामात आणि पुरवठादारांकडे गुलामगिरी रोखण्यासाठी काय केले, याचे निवेदन दरवर्षी द्यावे लागते. त्यात ‘आमच्याकडे एकही प्रकार नाही’ म्हणणारीपेक्षा ‘सापडला, भरपाई दिली’ म्हणणारी कंपनी जास्त विश्वासाची.

वेळ द्यायचा असेल तर हिशेब, भाषांतर, संगणक यांतले कसब द्या. निवाऱ्यात आठवडाभर राहून मुलांशी खेळणे टाळा. दर आठवड्याला बदलणारे अनोळखी चेहरे त्या मुलांना अपायच करतात.

कळवायला मात्र पैसा लागत नाही. कागदपत्रे काढून घेतलेली, मजुरी अडवलेली, कधीच न फिटणारे कर्ज, प्रश्न विचारला की दुसराच उत्तर देतो: अशी एकाहून अधिक लक्षणे दिसली की ठिकाण, वेळ आणि वाहनाचा क्रमांक टिपून हेल्पलाइनला द्या. मालकाला हटकू नका, फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. रातोरात माणसे हलवली जातात आणि पुरावाही जातो. मजूर परदेशी आणि कागदपत्रांविना असेल तर जीव धोक्यात नसल्यास आधी कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेशी बोला, कारण पीडित म्हणून नोंद होण्याआधीच त्याच्यावर बेकायदा वास्तव्याचा गुन्हा लागू शकतो.