संगीत लेबलचा (गाणी प्रकाशित करणाऱ्या कंपनीचा) वार्षिक मेळावा: लाइव्ह वादन की श्रवणबैठक?

हाताशी चार तास आणि बँड सहा, म्हटल्यावर पेच पडतोच: सगळ्यांनी मंचावर वाजवायचं, की एकत्र बसून रेकॉर्ड केलेली गाणी ऐकायची?

वेळ: लाइव्हमध्ये वेळ वादन खात नाही, दोन बँडमधली अदलाबदल खाते. प्रत्येकाने आपला ड्रमसेट आणला तर दर खेपेला वीसेक मिनिटं जातात. ड्रमसेट आणि अँप (अँप्लिफायर) सामायिक ठेवा. ड्रमरने फक्त स्नेअर (खाली तारा लावलेला छोटा ड्रम), झांजा आणि किकचं, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं पेडल आणावं. साउंडचेक (कार्यक्रमाआधीची आवाजाची तपासणी) उलट्या क्रमाने घ्या, म्हणजे शेवटी तपासलेला बँड आहे त्याच मांडणीत पहिला वाजवतो. श्रवणबैठकीला ही यातायात नाही.

आवाज: बैठकीत घोळ वेगळाच. स्पीकर आणि टर्नटेबल (तबकड्या वाजवायचं यंत्र) एकाच टेबलावर ठेवले की कंप सुईत शिरतो आणि खर्जात घूं-घूं सुरू होते. टर्नटेबलला वेगळं, जड टेबल हवं. फायली वाजवणार असाल तर गाण्यांच्या आवाजाची पातळी आधी जुळवा. नाहीतर मोठ्या आवाजात मास्टर केलेलं (अंतिम प्रत तयार केलेलं) गाणं उगाच सरस वाटतं आणि हळुवार गाण्यावर अन्याय होतो.

खर्च: लाइव्हला साउंड इंजिनिअर लागतोच. तिथे काटकसर नको.

कलाकारांनी एकमेकांचं काम फारसं ऐकलेलं नसेल तर बैठकच घ्या. बाहेरचे श्रोते येणार असतील तर लाइव्ह, पण प्रत्येकी तीनच गाणी.