जामोवी, पाच महिन्यांनंतर: उताऱ्याच्या रकान्याने अडवलं ते बरं झालं

आकडेवारीच्या विकतच्या सॉफ्टवेअरची फुकट वापराची मुदत संपली आणि प्रबंधाचं चौथं प्रकरण तिथंच अडलं. लायसन्सला पैसे घालणं आमच्या घरी शक्य नव्हतं, म्हणून जामोवी हे तसंच आकडेवारीचं सॉफ्टवेअर घेतलं. फुकट आहे, आतून 'आर' या आकडेवारीच्या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालतं आणि एकदा उतरवलं की इंटरनेट लागत नाही. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात रेंज धुऱ्यावर जाऊन मिळते, त्यामुळे माझ्यासाठी हे शेवटचं सगळ्यात मोठं.

पहिले दोन आठवडे मात्र मी फार चिडले होते. विषय साधा: ठिबकवरचा कापूस आणि कोरडवाहू कापूस, एकरी उतारा (उत्पादन) किती. टी-टेस्टच्या (दोन गटांच्या सरासरीत खरंच फरक आहे का, ते तपासणाऱ्या चाचणीच्या) चौकटीत उताऱ्याचा रकाना ओढून टाकायची, ते घ्यायचंच नाही. रकान्यावर पट्टीचं चिन्ह हवं, तिथे तीन गोळे. म्हणजे त्याच्या लेखी ते आकडेच नव्हते. सॉफ्टवेअरच भिकार, असं मी मैत्रिणीला सांगूनही टाकलं.

ते शब्द मी मागे घेते. ८४ ओळी एकेक करून पाहिल्या, तेव्हा तीन ठिकाणी सापडलं: '७ (वेचणी बाकी)'. नोव्हेंबरात मीच लिहिलेलं. काका म्हणाले होते, "सात क्विंटल झाला, पण एक वेचनी बाकी हाये." तीन ओळींपायी अख्खा रकाना शब्दांचा झाला होता. आधी शीटमध्ये सरासरी काढली, तेव्हा सूत्राने हेच तीन शेतकरी न सांगता वगळले होते! तो आकडा मी सरांना दाखवलाही होता.

तिघांना फोन केले. काकांचे सातचे साडेनऊ झाले. आकडे दुरुस्त करून रकाना पट्टीवर आणला, तेव्हा त्याने मुकाट घेतला. पुढे एखादा आकडा बदलला की उजवीकडचा तक्ता आपोआप बदलतो, हे अजूनही बघत राहावंसं वाटतं.

टी-टेस्टच्या चौकटीत लेव्हीनच्या चाचणीवर खूण कराच; दोन्ही गटांतले आकडे सारखेच पसरलेत का, ते ती सांगते. कोरडवाहूत काळ्या भारी जमिनीचा उतारा वेगळा, बरडाचा वेगळा; दोन्ही गटांचा पसारा सारखा नसतो. मग नेहमीच्या स्टुडंट टी-टेस्टऐवजी वेल्चची, म्हणजे पसारा सारखा न धरणारी टी-टेस्ट. त्याच चौकटीत, एका टिचकीचं काम. सरांनी "वेल्च का?" विचारलं, मी लेव्हीनचा तक्ता पुढे केला.

गावांची नावं मराठीत असतील तर शीट 'सीएसव्ही यूटीएफ-८' या फाइल प्रकारात (मराठी अक्षरं टिकवणाऱ्या) सेव्ह करा, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

यंदा धाकट्या बहिणीचा सर्व्हे आहे. तिच्या शीटमध्ये उताऱ्याशेजारी आणखी एक रकाना मी आधीच आखून दिलाय: 'वेचण्या किती झाल्या'.