फोल्डरच्या पोटातले फोल्डर : विंडोजच्या रोबोकॉपीचा रिव्ह्यू

तुळशीचं लग्न लागलं की लातूर-नांदेडकडच्या फोटो स्टुडिओंत मेमरी कार्डांचा ढीग लागतो. एका लग्नाच्या फोल्डरात साखरपुडा, हळद, वरात. प्रत्येकाच्या आत कॅमेऱ्यागणिक वेगळं फोल्डर. सगळा माल दोन-तीनशे जीबी. तो माऊसनं ओढून दुसऱ्या हार्डडिस्कवर टाकायचा आणि जेवायला जायचं. परत येऊन बघावं तर 'ही फाईल आधीच आहे, काय करू?' असं विचारत खिडकी तिसऱ्या मिनिटापासून तशीच उभी. नाहीतर मधेच लाईट गेलेली, आणि कुठपर्यंत कॉपी झालं होतं याचा पत्ता नाही.

यावरचा इलाज विंडोजमध्येच पडून आहे, आणि तोही फुकट: रोबोकॉपी, म्हणजे टाइप करून चालवायची कॉपीची कमांड. व्हिस्टापासून पुढच्या प्रत्येक विंडोजमध्ये ती आहे. त्याआधी विंडोज एनटीच्या रिसोर्स किट या जोड-साधनांच्या संचातून वेगळी घ्यावी लागे. नावातल्या 'रोबो'चा रोबोटशी संबंध नाही. 'रोबस्ट', म्हणजे दणकट कॉपी. दणकट ती आहेच, पण मूळ सेटिंगवर तशीच सोडली तर डोकं धरायला लावते.

कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, उघडून आधी रोबोकॉपी, मग कुठून, मग कुठे, आणि शेवटी स्विच, म्हणजे काम कसं करायचं ते सांगणारी छोटी अक्षरं, अशा क्रमानं लिहायचं. (स्विच इथं उच्चाराप्रमाणे दिलेत, टाइप करताना रोमन अक्षरं.) पहिली ठेच इथंच लागते. 'निलंगा लग्न' हे फोल्डर ई ड्राइव्हवर न्यायचं म्हणून 'कुठे'च्या जागी नुसतं ई लिहिलं, तर आतला माल ई ड्राइव्हवर मोकळाच सांडतो. रोबोकॉपी फोल्डरच्या आतलं उचलते, वरचं फोल्डर नाही. त्यामुळे पोहोचायच्या पत्त्यातही 'निलंगा लग्न' पुन्हा लिहावं लागतं. नावात स्पेस असल्यानं पत्ता अवतरणचिन्हांत हवा. मात्र शेवटच्या चिन्हाआधी उलटा स्लॅश ठेवू नका. तो चिन्हालाच गिळतो आणि पुढचे स्विच पत्त्याचा भाग समजले जातात.

आतल्या सगळ्या पातळ्या न्यायला दोन स्विच आहेत. स्लॅश एस रिकामी फोल्डरं गाळतो, स्लॅश ई रिकाम्यांसकट नेतो. 'निवडलेले', 'एडिट', 'अल्बम' अशी रिकामी फोल्डरं आधीच करून ठेवायची पद्धत असेल तर ईच वापरा.

आता खरी गोम. एखादी फाईल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी असली की ती वाचता येत नाही. अशा वेळी रोबोकॉपी ३० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करते. किती वेळा? १० लाख. हिशेब केला तर एका फाईलपायी ३४७ दिवस! 'रोबोकॉपी अडकली' ही तक्रार बहुतेकदा इथूनच येते. स्लॅश आर कोलन २ आणि स्लॅश डब्ल्यू कोलन ५ लिहा: दोनदा प्रयत्न, मधे पाच सेकंद, नाही जमलं तर पुढे. हे दोन स्विच नसलेली कमांड चालवूच नये.

लाईट गेली तरी घाबरायचं कारण नाही. तीच कमांड पुन्हा द्यायची. आकार आणि वेळ जुळणाऱ्या फाईली ती सोडून देते, अर्धवट राहिलेली पुन्हा घेते. फॅट-३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर मात्र दुसऱ्या वेळीही सगळंच नव्यानं जातं असं दिसतं, कारण तिथं वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानं नोंदवली जाते. स्लॅश एफएफटी दिला की तो फरक धरला जात नाही. ४ जीबीचा व्हिडिओ त्या पेनड्राइव्हवर बसतच नाही, त्याला कोणताही स्विच उपयोगाचा नाही.

स्लॅश एमआयआर, म्हणजे मिरर, याच्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं. तो नुसती कॉपी करत नाही. मूळ जागी नसलेली प्रत्येक गोष्ट तिकडून पुसतो, आणि पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही. कार्डाला कालचंच एफ हे ड्राइव्हचं अक्षर मिळालं पण कार्ड दुसरं असलं, तर कालचं लग्न बॅकअपमधून साफ. वापरायचाच असेल तर शेवटी स्लॅश एल जोडून आधी एकदा चालवा. काय नेणार, काय पुसणार याची नुसती यादी येते, कशालाही हात लागत नाही. यादीत 'एक्स्ट्रा फाईल'च्या ओळी दिसल्या तर त्या पुसल्या जाणार आहेत असं समजा.

विंडोजमधलं आपल्या नावाचं अख्खं फोल्डर उचलणार असाल तर स्लॅश एक्सजे हवाच. त्यातल्या ॲपडेटा या लपलेल्या फोल्डराच्या लोकल फोल्डरात 'ॲप्लिकेशन डेटा' नावाचा एक लपलेला दुवा असतो, आणि तो लोकलकडेच परत बोट दाखवतो. कॉपी आत जाते, पुन्हा तिथंच येते, पुन्हा आत. एक्सजे असे दुवे वगळतो. पत्ता मारुतीच्या शेपटीसारखा वाढत जातो.

वेगासाठी स्लॅश एमटी आहे, तो एका वेळी अनेक फाईली नेतो. एका वेळी किती, याचा मूळ आकडा ८, कमाल १२८. नेटवर्कवर बारीकसारीक फाईली हजारोंनी असतील तेव्हा फरक कळतो. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर फार आशा नको.

मराठी नावांची फोल्डरं काळ्या खिडकीत चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात, पण कॉपी नीट होतात. नोंद ठेवायला साध्या लॉगऐवजी स्लॅश युनिलॉग घ्या, म्हणजे देवनागरी वाचता येईल. शेवटच्या तक्त्यात 'फेल्ड'चा रकाना शून्य आहे ना, एवढं पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका. तरीही शून्य म्हणजे फाईल उघडेलच असं नाही. लिहून झालेली फाईल रोबोकॉपी परत वाचून ताडत नाही, म्हणून चार-दोन फोटो आणि एखादा व्हिडिओ उघडून बघा.

बॅच फाईल, म्हणजे कमांडा लिहून ठेवून एकदम चालवायची फाईल, करणाऱ्यांसाठी एक: काम संपल्यावर प्रोग्राम निकालाचा एक आकडा देतो. यशस्वी झालं की इतर प्रोग्राम शून्य देतात, ही १ देते. शून्य म्हणजे नेण्यासारखं काहीच नव्हतं, ३ म्हणजे कॉपी झाली आणि तिकडे जास्तीचंही काही सापडलं. गडबड ८ पासून पुढे.